तरंगणारे तेल बुडते तेव्हा

पेल्यात पाणी घालून वर तेल ओतले की तेल वरच राहते. देवापुढे असा दिवा आपण लावतोही. त्यामुळे तेल पाण्यावर तरंगते हा जणू निसर्गनियमच, अशी आपली समजूत होते. पण तरंगणे-बुडणे ठरते घनतेवरून, आणि तेलाची घनता कायम एकच राहील असे मुळीच नाही.

२५ जुलै २०१० रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मार्शल गावाजवळ एक तेलवाहिनी फुटली. नियंत्रण-कक्षात धोक्याचे इशारे वाजत होते. तरीही ती फुटल्याचे ध्यानात यायला १७ तास लागले. त्या अवधीत पंप दोनदा पुन्हा चालू करण्यात आले! सुमारे ३२ लाख लिटर तेल ओढ्यातून कॅलमॅझू नदीत गेले.

हे तेल म्हणजे कॅनडातील वाळूच्या थरांतून काढलेले डांबरासारखे बिटुमेन. त्याची घनता पाण्याइतकी, किंचित अधिकच. ते नळातून वाहावे म्हणून त्यात हलकी, पातळ हायड्रोकार्बने मिसळतात. मग घनता ०.९२ च्या आसपास येते. म्हणून आरंभी तेल तरंगले.

उघड्यावर येताच हलके रेणू प्रथम उडाले. त्यांत बेंझीन हे विषारी द्रव्यही होते. काठच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. पाणी आटताना उरते ते पाणीच असते. तेल आटताना मात्र उरलेले तेल बदलत जाते : अधिक जड, अधिक चिकट. म्हणूनच बाष्पीभवन आरंभी झपाट्याने होते, नंतर मंदावते.

समजा, तेलाची घनता आता ०.९९ झाली. अजून ते तरंगेल. पण नदीला पूर आला होता, पाणी गढूळ होते. गाळाच्या कणांची घनता सुमारे २.६. आता गणित करून पाहा : आकारमानाने दर १०० भागांत जेमतेम ०.६ भाग गाळ चिकटला, की मिश्रणाची घनता १ होते. समुद्राचे पाणी १.०२५ घनतेचे असते. तिथे हेच तेल बुडायला सुमारे २.२ भाग, म्हणजे साडेतीनपट गाळ हवा. साध्या पाण्यात बुडणारे अंडे मिठाच्या पाण्यात तरंगते, तसाच हा प्रकार.

तेल अडवण्याचे तरते अडसर पृष्ठभागापुरतेच उपयोगी. बुडालेले तेल त्यांच्याखालून निघून गेले आणि बंधाऱ्यांमागील संथ पाण्यात तळाशी साचले. ते शोधण्याची रीत साधीच होती. नावेतून काठीने तळ ढवळायचा आणि पाण्यावर तेलाचे गोळे व रंगीत तवंग येतो का ते पाहायचे. जिथे आला, तिथला गाळ उपसायचा. हा उपसा २०१४ पर्यंत चालू होता.