सोबतीने केलेली सेवा: पौलाच्या साथीदारांपासून वाशिमपर्यंत

पौल म्हटले की एकटाच वणवण फिरणारा धर्मप्रचारक डोळ्यांपुढे येतो. त्याची पत्रे शेवटपर्यंत वाचली की हे चित्र टिकत नाही.

दोघा-दोघांनी

मार्कच्या शुभवर्तमानात येशू बारा शिष्यांना दोघा-दोघांनी गावोगाव पाठवतो. पौलही आधी बर्णबाबरोबर निघाला, नंतर सीलाबरोबर. लुस्त्र गावी तरुण तीमथ्य त्यांना मिळाला. बर्णबाशी पौलाचे बिनसले ते मार्कवरून. पहिल्या प्रवासात मध्येच परत फिरलेल्या या साथीदाराला पुन्हा न्यायला पौल तयार नव्हता. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र तोच मार्कला सोबत आणायला सांगतो. देमास हा साथीदार सोडून गेल्याचे दुःखही त्याच पत्रात आहे, आणि जवळ फक्त लूक उरल्याची नोंदही. हा लूक वैद्य होता, असे कलस्सैकरांस पत्र सांगते.

तंबू करणारे जोडपे

मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रिस्किल्ला आणि अक्विला यांची सोबत. इ.स. 49 च्या सुमारास सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडायला लावले, तेव्हा हे जोडपे करिंथला आले. व्यवसाय तंबू करण्याचा, पौलाचाही तोच. तो त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करून पोट भरू लागला. पुढे इफिसात अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला या दोघांनी घरी नेऊन नीट समजावून दिले. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा वेळा येतो आणि त्यांपैकी चार वेळा पत्नीचे नाव आधी आहे. त्या काळी हे सहज घडणारे नव्हते. मंडळीतला तिचा मान त्यातून दिसतो.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बरेच जण नुसती नावांची यादी म्हणून ओलांडतात. त्यात किंख्रियाची सेविका फीबी आहे, जिने हे पत्र रोमला पोहोचवले असे अभ्यासक मानतात. पत्र लिहून घेणारा तर्तीयही स्वतःच्या नावाने नमस्कार सांगतो. मजकूर पौलाचा, पण बोरू दुसऱ्याच्या हातात आणि वाटचाल तिसरीची.

वाशिमची जोडी

अशीच सोबत आपल्याकडे वाशिमलाही दिसते. तिथे नाझरीन या ख्रिस्ती मंडळीचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल 1938 मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी सुरू केले. तिथे पुढे काम केलेल्या डॉ. एव्हलिन विटहॉफ 1941 मध्ये परिचारिका जेराल्डिन चॅपेल यांच्यासह भारताकडे निघाल्या होत्या. वाटेत मनिलात युद्धाने गाठले. जपानी सैन्याने परदेशी नागरिकांना सान्तो तोमास विद्यापीठाच्या आवारात डांबले. या दोघीही तीन वर्षे तिथे होत्या. शेवटच्या वर्षी छावणीत उपासमार होती. 3 फेब्रुवारी 1945 रोजी अमेरिकी सैन्याने छावणी मुक्त केली. इतके सोसल्यावर कोणी मायदेशी कायमचे राहिले असते तरी बोल लावता आला नसता. या दोघी मात्र पुढे भारतात आल्याच.

रुग्णसेवा अशा जोडीनेच उभी राहते. डॉक्टरचे निदान आणि परिचारिकेची रात्रभराची देखरेख वेगळी काढता येत नाही. वाशिम जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी म्हणून डॉक्टरांच्या शेजारी परिचारिकांची, स्वयंपाक्यांची आणि वॉर्डातल्या मदतनिसांची नावेही शोधून नोंदवावीत. जुन्या कर्मचाऱ्यांच्या घरी फोटो आणि कागद असतील, तर ते हाती आहेत तोवरच हे काम व्हायला हवे.