वारेची खबर देणारी ओळ
गर्भारपणातल्या तपासण्या : भाग ४

गेल्या भागात आपण एनटी स्कॅनपर्यंत आलो. त्याच सुमारास, अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान, निगडीत खासगी दवाखान्यात नाव नोंदवलेल्या गर्भवतीला बहुधा 'डबल मार्कर' ही रक्ततपासणीही सांगितली जाते. रिपोर्ट येतो, घरचे 'लो रिस्क' एवढंच वाचतात आणि कागद फाईलमध्ये जातो. पण ते दोन शब्द डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांपुरते असतात. त्याच कागदावर 'पॅप-ए' अशी एक ओळ असते. हे प्रथिन वार तयार करते. त्यापुढचा 'एमओएम'चा आकडा १ असेल तर प्रमाण त्या आठवड्याच्या मधल्या मूल्याइतकं आहे. तो ०.४च्या आसपास किंवा खाली असेल, तर बाळाची वाढ खुंटण्याचा आणि आईचं बीपी वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. हे निदान नव्हे. असा आकडा आलेल्या बहुतेकींचं बाळंतपण सुखरूप होतं. पण डॉक्टरांना त्याबद्दल विचारायलाच हवं.

बीपीचा आणि वारेचा संबंध काय? वार रुजताना तिच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात. हे काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं. अशी वार 'एसफ्लिट-१' नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात आईच्या रक्तात सोडते. रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणाऱ्या 'पीएलजीएफ'ला ते पकडून ठेवतं. मग बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जातात, यकृत आणि मेंदूलाही झळ पोचते. हाच प्रीएक्लॅम्पसिया. तेव्हा बोस्टनमध्ये असलेले भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली गाभण उंदरांना एसफ्लिट-१ देऊन यातली चढलेलं बीपी आणि लघवीतून जाणारी प्रथिनं ही लक्षणं निर्माण करून दाखवली. आजार बाळंतपणानंतर, वार पडल्यावर का ओसरतो, याचाही उलगडा त्यातून होतो.

आपल्याजवळचं काम पुण्यात भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' संस्थेत चाललं आहे. डॉ. साधना जोशी यांच्या गटाने 'रिव्हॅम्प' अभ्यासात एकाच गर्भवतीचं रक्त पहिल्या तिमाहीपासून बाळंतपणापर्यंत टप्प्याटप्प्याने तपासलं. मला हे काम मोलाचं वाटतं. युरोपातल्या बायकांवरून ठरवलेले आकडे आपल्याकडच्या बारीक अंगाच्या, रक्त कमी असलेल्या मुलींना जसेच्या तसे लावणं बरोबर नाही.

लवकर कळण्याचा उपयोग आहे. २०१७च्या 'अ‍ॅस्प्री' चाचणीत जास्त धोक्याच्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं. सदतीस आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. मात्र गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते, आणि ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

उशिराच्या महिन्यांत बीपीची शंका आली, तर एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर पाहता येतं. २०१६च्या मोठ्या अभ्यासात ते ३८ किंवा त्याखाली असलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया झाला नाही. म्हणजे विनाकारण भरती टळते. ही तपासणी अजून महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. बीपीचा पट्टा आणि लघवीची तपासणी मात्र सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत होते.

चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत नोकरी करणारी अनेक कुटुंबं मराठवाडा-खानदेशातून इथे आलेली. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, नेमक्या बीपी चढण्याच्या दिवसांत. लातूर-जळगावच्या डॉक्टरांना निगडीतला बाराव्या आठवड्याचा आकडा ठाऊक नसतो. म्हणून साडीचोळीबरोबर पूर्ण फाईल द्या, पॅप-एच्या ओळीखाली पेनाने रेघ मारून. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं किंवा तोंडावर सूज आली, तर मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

पुढील भागात : डॉपलर सोनोग्राफी.