जुन्या यंत्राला लिथियमची बॅटरी : आधी समजून घ्या, मग बदला

अमरावती व अकोला जिल्ह्यांत पोळ्याच्या सुमारास शेताकडे पाहिले, तर कपाशी-सोयाबीनवर फवारणी करणारा माणूस हमखास दिसतो. पूर्वी त्याला एका हाताने पंपाचा दांडा मारावा लागे. आता अनेकांच्या पाठीवर बॅटरीचा पंप आहे. सुतार, प्लंबर व वीजकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या हाती बॅटरीवरचे ड्रिल आले आहे. या यंत्रांची मोटार अनेक वर्षे टिकते. बॅटरी मात्र त्याआधीच बसते. मग "लिथियम टाकून घ्या" असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. बॅटरीबरोबर चार्जरही बदलावा लागतो, हे पुष्कळदा सांगितले जात नाही आणि धोका नेमका तेथेच आहे. त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

तीन प्रकार

पहिला प्रकार शिसे-आम्ल बॅटरीचा. गॅस्टन प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ती तयार केली. तिचा एक सेल २ व्होल्टचा असतो. असे ६ सेल मिळून फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी होते. दुसरा प्रकार निकेल-कॅडमियमचा, १८९९ सालचा. त्याचा सेल १.२ व्होल्टचा, जुन्या ड्रिलमध्ये बहुधा हाच असतो. तिसरा लिथियम-आयन. १९९१ साली तो बाजारात आला आणि त्याच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा सेल ३.६ व्होल्टचा असून पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

लिथियमचा मोठा फायदा वजनाचा आहे. पंपातील ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सुमारे अडीच किलोची असते. तेवढ्याच क्षमतेची लिथियमची साधारण एक किलोची. आधीच १६ लिटर पाणी पाठीवर घेऊन चिखलातून चालणाऱ्या मजुराला या दीड किलोचे मोल विचारावे.

जुनी बॅटरी का मेली?

बॅटरी बदलण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. फवारणीचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. हंगाम संपला की पंप कोठ्यात जातो, तो थेट पुढच्या पावसाळ्यात बाहेर निघतो. उतरलेली शिशाची बॅटरी अशी पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात व ती चार्जिंग पकडत नाही. म्हणजे ती कामाने मरत नाही, पडून राहिल्याने मरते. दर महिन्याला एकदा चार्ज केली असती, तर ती आणखी टिकली असती. ज्याला एवढी शिस्त जमते, त्याला स्वस्त शिशाची बॅटरीही पुरते.

सेलचा हिशेब

विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. १४.४ व्होल्टच्या जुन्या ड्रिलमध्ये १.२ व्होल्टचे १२ सेल असतात. तेथे ३.६ व्होल्टचे ४ लिथियम सेल पुरतात. १८ व्होल्टच्या ड्रिलमधील १५ सेलच्या जागी ५ लागतात.

आता चार्जरकडे वळू. पंपाच्या १२ व्होल्टच्या जागी ३ लिथियम-आयन सेल बसवले, तर ते १२.६ व्होल्टला पूर्ण भरतात. शिशाच्या बॅटरीचा चार्जर मात्र १४ व्होल्ट किंवा त्याहून अधिक देतो. प्रत्येक सेलच्या वाट्याला साडेचार व्होल्टहून जास्त येतात, मर्यादा ४.२ ची आहे. सेल तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. निकेल-कॅडमियमचे काही स्वस्त चार्जर तर बॅटरी भरली तरी थांबत नाहीत. म्हणून जुना चार्जर लिथियमला कधीही लावू नये.

सेल जादा भरू नयेत, प्रमाणाबाहेर उतरू नयेत, यासाठी 'बीएमएस' नावाची संरक्षक पट्टी लागते. ती शेवटचा पहारेकरी आहे. तिच्या भरवशावर चुकीचा चार्जर वापरणे योग्य नाही. फवारणी पंपाला थोडेच अँपिअर लागतात, पण ड्रिल अडकले की क्षणात वीस-तीस अँपिअर ओढते. म्हणून ड्रिलसाठी जास्त प्रवाह देणारे सेल व तशीच पट्टी हवी. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल तेथे चालत नाहीत. सेल जोडताना सोल्डरिंगची गरम इस्त्री थेट सेलवर टेकवू नये. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडतात. हे काम शिकलेल्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. पंपासाठी लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा प्रकार अधिक बरा. त्याचे ४ सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात आणि तो उष्णतेला जास्त दाद देत नाही.

वऱ्हाडातील ऊन

लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत, असे उत्पादक सामान्यतः सांगतात. अकोल्यात मे महिन्यात सावलीतला पाराच तेथवर पोहोचतो. तेव्हा चार्जिंग पहाटे करावे. उन्हातून आणलेली बॅटरी आधी निवू द्यावी. हंगाम संपल्यावर ती निम्मी भरलेली ठेवावी, आणि टिनाच्या छपराखाली ठेवू नये.

जुनी बॅटरी कोठे द्यावी?

कॅडमियम व शिसे दोन्ही विषारी आहेत. घरी बॅटरी फोडून शिसे वितळवू नये. त्याची वाफ व धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी दुकानदाराकडे परत द्यावी.

शेवटी एक सांगावेसे वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. जुनी बॅटरी उतरली की माणसाला आपोआप विसावा मिळे. नवी बॅटरी उतरत नाही, म्हणून माणूस औषधाच्या फवाऱ्यात जास्त वेळ राहतो. बॅटरी बदलणाऱ्याने मास्क, हातमोजे व विश्रांतीची वेळही ठरवून घ्यावी. आपल्या तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलांनी हे काम नीट शिकून घेतले, तर गावातील अनेक पडीक यंत्रे पुन्हा चालू होतील आणि ती चालवणारी माणसेही सुरक्षित राहतील.