रिकाम्या सेकंदांचा हिशेब

चाकणच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं उत्पादन विभागात आहे. लाइन कुठे थांबते, किती सेकंद थांबते आणि का थांबते, हे शोधणं ही माझी नोकरी. गेल्या वर्षी चिंचवडच्या वहिनींनी बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. पुतण्याचे डिप्लोमाचे दोन विषय राहिले होते आणि तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकावर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळत बसायचा. ‘भाऊजी, तुम्हीच समजावा आता,’ त्या म्हणाल्या.

रागवायला गेलो आणि त्याच्या शेजारी बसून तीन डाव पाहिले. तिन्ही तो हरला. हरला, की लगेच पुढचा डाव. ‘किती दिवस खेळतोयस?’ ‘वर्ष झालं, काका.’ वर्षभर कष्ट आणि पातळी तिथंच. असा रोगी मी रोज पाहतो. फक्त तो यंत्राच्या रूपात असतो.

हा खेळ १९९९ सालचा. २०१९ मध्ये तो नव्या रूपात आला. सुरुवातीला खेळाडूकडे एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक टेहळ्या असतो. गावकरी अन्न, लाकूड, सोनं, दगड जमवतात. त्यातून घरं, बराकी आणि सैन्य उभं राहतं. बुद्धिबळासारखी इथं पाळीपाळीने खेळी नसते. दोघांचं घड्याळ एकदमच चालतं.

नवशिक्याची नजर लढाईवर खिळलेली असते. पण खेळ प्रत्येक डाव नोंदवून ठेवतो, आणि ती नोंद उघडली की वेगळंच दिसतं. एक गावकरी तयार व्हायला ५० अन्न आणि खेळातल्या घड्याळाचे २५ सेकंद लागतात. पुतण्याच्या पहिल्या दहा मिनिटांत टाउन सेंटर मिळून तीन मिनिटं रिकामं होतं. म्हणजे १८० सेकंद, म्हणजे सात गावकरी कमी. लढाई पंधराव्या मिनिटाला हरली, तरी डाव आधीच गेलेला होता.

कारखान्यात आम्ही ‘व्हाय-व्हाय’ करतो. ही पद्धत टोयोटाची. तीच लावली. सैन्य का हरलं? संख्येने कमी होतं. का? सोनं-लाकूड कमी. का? गावकरी कमी. का? टाउन सेंटर थांबलं. का? घर वेळेवर बांधलं नाही. सुरुवातीला पाचच माणसांची जागा असते आणि चार आधीच असतात. २५ लाकडाचं एक घर आणखी पाच जणांची सोय करतं. ते विसरलं, की सगळी लाइन बंद.

मग उपाय ठरवला: एका आठवड्यात एकच दोष. पहिल्या आठवड्यात फक्त संगणकाविरुद्ध खेळायचं, लढाई विसरायची आणि टाउन सेंटर थांबू द्यायचं नाही. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे तीन-चार लाकडावर, एवढा क्रम पुरे. दुसऱ्या आठवड्यात घरं. तिसऱ्यात साठा: हजार लाकूड नुसतं पडून असणं म्हणजे गोदामात माल कुजणं. रोज दोनच डाव, त्यानंतर हरलेल्या डावाची पहिली दहा मिनिटं पाहायची आणि रिकामे सेकंद वहीत लिहायचे. रात्री दहाला संगणक बंद.

वही का? कारण जिंकण्याची संख्या फसवते. या खेळात मानांकन एलो पद्धतीवर चालतं. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची ही पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. नवा खेळाडू इथं साधारण १००० गुणांवर सुरू होतो आणि पहिले अनेक डाव हरत आपल्या पातळीला उतरतो. पुढे बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळतात, त्यामुळे सुधारणा झाली तरी निम्मे डाव हरायचेच. म्हणून नवशिक्याला वाटतं, आपलं काही होत नाही. वहीतला आकडा मात्र खरं सांगतो.

भिंतींचंही तसंच. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी आमच्या चाकणचा भुईकोट, संग्रामदुर्ग, शायिस्तेखानाच्या फौजेपुढे सुमारे दोन महिने लढवला. शेवटी किल्ला गेला, पण खानाचा ऐन पावसाळा तिथं खर्ची पडला. खेळातली भिंत अशीच वेळ विकत घेते. त्या वेळात आत गावकरी वाढले नाहीत, तर खर्च वाया.

पुढे मीही खेळू लागलो. २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ‘स्टारक्राफ्ट २’च्या तीन हजारांहून अधिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. पाहणं आणि करणं यांतला वेग चोविसाव्या वर्षापासूनच मंदावू लागतो, असं त्यांना दिसलं. थोराड खेळाडू मात्र सोप्या डावपेचांनी ती कसर भरून काढत असल्याच्या खुणाही सापडल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला तेवढा आधार पुरला. मी एकच डावपेच धरला.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. पडद्यावरचा गावकरी दमत नाही, पाणी मागत नाही. परवा लाइनवर एक कंत्राटी पोरगा दहा सेकंद खांबाला टेकला. नाईट करून पुन्हा थांबलेला. हातातलं घड्याळ सवयीने सुरू झालं होतं. मी ते बंद केलं आणि ती नोंद केली नाही.

पुतण्याचे रिकामे सेकंद आता चाळिसाच्या आत आले आहेत. दोनपैकी एक विषय सुटला, एक बाकी आहे. त्याचीही वही केली आहे. मला तो अजून दर रविवारी हरवतो, आणि हरवल्यावर विचारतो, ‘काका, नोंद बघायची?’