दुकान थाटले, पण गिऱ्हाइकाला सापडेना

बारामतीच्या पेठेत दुकान काढणारा माणूस सर्वांत आधी पाटीचा विचार करतो. ती रस्त्यावरून दिसेल का, अक्षर मोठे आहे का, समोरच्या झाडाआड जाणार नाही ना, हे तो स्वतः चालत जाऊन पाहतो. तोच माणूस वेबसाइट करून घेताना मात्र रंग बघतो, फिरती चित्रे बघतो आणि खूश होतो. वर्ष सरते, एकही फोन येत नाही. मग घरात बोलणे सुरू होते की पैसे पाण्यात गेले.

गेल्या काही महिन्यांत आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ओळखीच्या घरांच्या काही वेबसाइट पाहिल्या. कुणाची बेकरी, कुणाचा डाळिंबाचा व्यापार, कुणाचे शिवणकाम. माल चांगला, माणसे विश्वासाची. पण गूगलवर शोधले तर नाव दिसत नाही. कारणे बहुतेक ठिकाणी तीच होती.

गूगल वेबसाइट कशी बघते, हे आधी समजून घेऊ. तिचा एक प्रोग्रॅम एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांवरून फिरतो आणि तिथला मजकूर वाचून नोंद ठेवतो. वाचतो तो मुख्यतः अक्षरे. आपल्याकडे मात्र जाहिरातीचे पत्रक छापायचे, त्याचाच फोटो वेबसाइटवर चढवायचा, ही सर्रास पद्धत. ‘ताजी नानखटाई, टोस्ट, ईदसाठी आगाऊ ऑर्डर’ असे सगळे त्या फोटोत सुंदर लिहिलेले असते, पण त्या अक्षरांवर शोधयंत्राने भरवसा ठेवावा अशी आशा धरणे व्यर्थ. मजकूर पानावर टाइप केलेलाच हवा, आणि प्रत्येक फोटोमागे त्याचे एका ओळीचे वर्णन भरलेले हवे. हे वर्णन डोळ्यांनी न दिसणाऱ्या वाचकांनाही उपयोगी पडते. त्यांचा फोन ते मोठ्याने वाचून दाखवतो.

मराठी वेबसाइटचे एक दुखणे खास आपले आहे, ते म्हणजे जुने फाँट. श्रीलिपी, कृतिदेव यांनी मराठी छपाईची मोठी सोय केली, हे मान्यच. पण त्यांच्या जुन्या पद्धतीत कागदावर दिसते मराठी आणि संगणकाच्या आत असतात इंग्रजी अक्षरे. कृतिदेवमध्ये ‘क’ दिसतो तिथे आत चक्क इंग्रजी ‘डी’ असतो. त्यामुळे ‘इंदापूर डाळिंब’ असे कुणी शोधले, तर त्या पानावर गूगलला ना इंदापूर सापडते ना डाळिंब. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. तरीही छापखान्यातली जुनी फाइल जशीच्या तशी वेबसाइटवर टाकणारे आजही भेटतात. परीक्षा सोपी आहे. आपल्या वेबसाइटवरच्या एखाद्या ओळीवर बोट दाबून धरा, ती कॉपी करा आणि घरातल्या कुणाला मेसेजमध्ये पाठवा. ओळ कॉपीच झाली नाही, तर ते चित्र असण्याची शक्यता मोठी. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर फाँट जुना आहे. मराठी नीट उमटली, तर या बाबतीत काळजी नको.

लिपीचेही लक्षात ठेवावे. आपल्यातले पुष्कळ जण मराठी बोलतात, पण फोनवर इंग्रजी लिपीत टाइप करतात. गावाचे आणि मालाचे नाव दोन्ही लिपींत एकेकदा सहज वाक्यात आले, की पुरे. काही जण पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत ‘बारामती बारामती बारामती’ असे शंभरदा लिहून ठेवतात. ही चलाखी गूगलच्या नियमांत बसत नाही. पकडली गेली तर पान मागे पडते किंवा यादीतूनच जाते. शोधशब्दांची छुपी यादी भरून देतो म्हणून जादा पैसे मागणाऱ्यालाही सांगावे की ती यादी क्रमवारीसाठी वापरत नाही, असे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे.

आता कुंभारगावचे उदाहरण घ्या. उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. भिगवण, डिकसळच्या बाजूला मच्छीमार कुटुंबे पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. पुण्याहून निघालेला माणूस गाडीत बसूनच फोनवर शोधतो. अशा वेळी पान फोनवर उघडायला वेळ लागला, अक्षरे मुंगीएवढी दिसली, तर तो पुढच्या नावाकडे वळतो. गूगलही आता मुख्यतः पानाचे फोनवरचे रूप पाहूनच नोंद करते. कॅमेऱ्यातले भलेमोठे फोटो लहान न करता चढवणे हे संथपणाचे मोठे कारण. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी हे काम एका दुपारी करून देईल.

प्रत्येक पानाच्या शीर्षकात ‘होम’ एवढेच लिहिलेले असणे, ही आणखी एक चूक. गूगलच्या यादीत बहुधा तेच शीर्षक दिसते. तिथे दुकानाचे नाव, माल आणि गाव हवे.

सगळे ठीक असूनही वेबसाइट अजिबात दिसत नसेल, तर एक कळ तपासा. वर्डप्रेसवर काम चालू असताना शोधयंत्रांनी इकडे फिरकू नये, अशी एक चौकट असते. बनवणारा ती खूण करतो, पैसे घेतो आणि काढायला विसरतो. दुकान उघडे, शटर मात्र खाली! ती खूण काढून गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत सुविधेत पानाची पुन्हा नोंद मागावी. त्याला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. ईदच्या ऑर्डरी हव्या असतील, तर हे काम रमजान लागण्याच्या बरेच आधी उरकलेले बरे.