पोटातले जिवाणू (लेखांक ५) : आतड्याचे अस्तर आणि दाह

मोठ्या आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो. त्याच्या एका अंगाला अब्जावधी जिवाणू, तर दुसऱ्या अंगाला रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकारक पेशी. शेजारशेजारच्या पेशी क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी घट्ट सांधलेल्या असतात. त्यामुळे पाणी आणि क्षार पलीकडे जातात, जिवाणू अलीकडेच राहतात. तीन ते पाच दिवसांत हा थर नवा होतो.

या पेशींवर बुळबुळीत श्लेष्म्याचे दोन पदर असतात. बाहेरच्या सैल पदरात जिवाणूंचा वावर असतो. आतला पदर दाट असतो. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठातील गुन्नर हान्सन यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की आतला पदर जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. श्लेष्म्याचे मुख्य प्रथिन ज्या उंदरांत तयारच होत नाही, त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना भिडतात आणि आतड्याला दाह होतो.

हे अस्तर टिकवण्याचे बरेचसे काम जिवाणूच करतात. लहान आतड्यात न पचलेले तंतू आणि स्टार्च खाली आले, की जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट हे आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा यातून मिळते. ते जाळताना पेशी प्राणवायू वापरून टाकतात, म्हणून आतड्याच्या पोकळीत तो फारसा उरत नाही आणि प्राणवायू न सोसणाऱ्या उपकारक जिवाणूंना जागा मिळते. ब्युटिरेट घटले, की प्राणवायू झिरपतो आणि ई. कोलायच्या कुळातील जिवाणू फोफावतात. तंतूच मिळाले नाहीत, तर काही जिवाणू श्लेष्माच खाऊ लागतात. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगात हे दाखवले.

रायपूर-धमतरी मार्गावरील अभनपूरच्या भातशेतीच्या पट्ट्यात जिवाणूंच्या या खाद्याचा एक स्रोत रोजच्या ताटात असतो. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचे आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, कधी दह्याबरोबर खायचे, ही छत्तीसगडची बासी. २०२२ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने १ मेच्या कामगार दिनी ‘बोरे बासी’ खाण्याचे आवाहन केले होते. शिजलेला भात गार झाला, की त्यातल्या थोड्या स्टार्चची रचना बदलते. तो लहान आतड्यात पचत नाही आणि खालच्या जिवाणूंच्या वाट्याला येतो. रात्रभरात भात आंबतो, तेव्हा लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही वाढतात. कोकणातली आंबील याच जातीची. मात्र बासी हा आहार आहे, कोलायटिसवरचा म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहावरचा उपचार नव्हे. पाणी अस्वच्छ असले किंवा भात उन्हाळ्यात फार वेळ राहिला, तर त्यातून जुलाबही होतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दीर्घकालीन आजारांत अस्तराचे रक्षण ढासळलेले दिसते. क्रोन्सच्या रुग्णांत फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा ब्युटिरेट करणारा जिवाणू घटतो, असे फ्रान्समधील संशोधकांना २००८ मध्ये आढळले. तरी दोष एकट्या जिवाणूंचा नसतो. नॉड-२ या जनुकातील बदल क्रोन्सचा धोका वाढवतो, हे २००१ पासून ठाऊक आहे. अस्तर सैल झाले, की जिवाणूंचे अंश आत शिरतात आणि दाह पेटतो. दाहातली रसायने पेशींचे सांधे आणखी सैल करतात.

निरोगी जिवाणूसमूह सगळीकडे सारखा नसतो. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा यांचे प्राबल्य नोंदवले. त्यामुळे पाश्चात्त्य मोजपट्टी इथे जशीच्या तशी लावता येत नाही.

डाळी, भाज्या, भरडधान्ये निरोगी माणसाला हितकारक आहेत. आजार भडकला असताना किंवा आतडे अरुंद झाले असताना तंतू किती खायचे, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शौचातून रक्त पडणे, कित्येक आठवडे न थांबणारे जुलाब, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई किंवा वजन घटणे यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता तपासणी करून घ्यावी.