जिन्याखालची गाडी : आधी कागद, मग किक, शेवटी रंग

आमच्या वाड्यात जिन्याखाली काकांची १९९२ सालची हिरो होंडा सीडी १०० नऊ वर्षं उभी होती. काकांचा गुडघा कुरकुरायला लागला, घरात स्कूटर आली आणि ही मागे पडली. टाकीवर बोटभर धूळ, सीट मांजरानं कुरतडलेली, पुढच्या टायरात हवेचा थेंब नाही. मी ती दुरुस्त करायला घेतली तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं सल्ला दिला. त्यातले निम्मे चुकीचे निघाले आणि त्या चुकांचे पैसे माझ्याच खिशातून गेले. म्हणून हा हिशेब.

गैरसमज : कुठलीही जुनी गाडी घ्या, काम स्वस्तातच होतं.

वस्तुस्थिती : खर्च गाडीच्या वयावर कमी आणि तिचे पार्ट कुठे मिळतात यावर जास्त ठरतो. यामाहा आरएक्स १०० आणि म्हैसूरची येझदी या दोघींचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्यांचे चाहते अजून इतके आहेत की अस्सल पार्ट सोन्यासारखे तोलून विकले जातात. सीडी १०० ची गोष्ट वेगळी. १९८५ साली आलेल्या या गाडीचं इंजिन ९७.२ सीसीचं, बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५. हीच मापं १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरनं पुढे चालवली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट यांसाठी तालुक्याच्या गावातलं दुकानही पुरतं. पुण्यात पार्टांसाठी नाना पेठ आहे, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यानं हौशीची गाडी न निवडता पार्ट मिळणारी गाडी निवडावी.

गैरसमज : पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. किंवा, कागदाचं नंतर बघू.

वस्तुस्थिती : खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरातली, ती महाराष्ट्राला लागू नाही.

पण नूतनीकरण फुकट होत नाही. दुचाकीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी ते २,००० रुपयांवर गेलं. मुदत उलटून गेली असेल तर उशिराच्या दर महिन्याला ३०० रुपयांचा जादा आकार नियमात आहे. शिवाय पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरसी बुक हातात घ्या. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा आणि एकूण किती भरावे लागतील ते आरटीओत विचारा. नंबर जुळत नसतील तर गाडी कितीही गोड दिसो, हात जोडून परत फिरा.

गैरसमज : आधी रंग काढून घेऊ, म्हणजे काम करायला हुरूप येतो.

वस्तुस्थिती : हुरूप येतो खरा, पण बजेट तिथेच संपतं. रंगवलेल्या सांगाड्यात इंजिन चढवताना पाना घसरतो आणि पहिला ओरखडा पडतो. पेट्रोल सांडलं की नवा रंग फुगतो. गाडी आधी मळक्या अंगानंच चालू करावी, शंभर-दोनशे किलोमीटर फिरवावी, दोष काढावेत आणि मग रंगाला हात लावावा.

सँडब्लास्टिंग करून घेणार असाल तर चेसिस नंबरावर जाड टेप लावून घ्या. वाळूच्या माऱ्यात तो पुसट झाला तर तपासणीच्या वेळी गाडी तुमची आहे हे सांगता सांगता नाकी नऊ येतील. आरसीवर जो रंग लिहिलाय तोच ठेवला तर प्रश्नच नाही. बदललात तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि हार्डनर घालून मारायचा टू-के रंग घरात मारू नये. त्यातले आयसोसायनेट तोंडाला बांधलेल्या रुमालानं अडत नाहीत, ते थेट फुप्फुसाला धरतात. ते काम बूथ असलेल्या पेंटरकडे द्यावं.

गैरसमज : किक जात नाही, म्हणजे इंजिन गेलं.

वस्तुस्थिती : वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा मोडलेलं काहीच नसतं. रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा धरलेला असतो. घात होतो तो पुढे. चार जण मिळून किकवर उभे राहतात, किंवा गियर टाकून उतारावरून गाडी ढकलतात, आणि रिंग तुटते.

मी प्लग काढला, आणि त्या भोकातून निम्मं डिझेल नि निम्मं इंजिन ऑइल असं चहाचा अर्धा कप मिश्रण ओतलं. तीन दिवस गाडीकडे बघितलंही नाही. चौथ्या दिवशी मधल्या स्टँडवर उभी करून, वरच्या गियरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे हलवलं. आधी नुसतंच दचकल्यासारखं झालं, मग सुतभर सरकलं. अर्ध्या तासानं पिस्टन एकदा पूर्ण खाली-वर झाला. प्लग न लावता हळूहळू किक मारून आतलं मिश्रण बाहेर काढलं, भोकावर फडकं धरून, नाहीतर ते सरळ तोंडावर येतं. एक गोष्ट इथे विसरू नये. ते डिझेल रिंगांमधून झिरपून खालच्या ऑइलमध्ये उतरलेलं असतं, म्हणून चालू करण्याआधी ऑइल बदलायचं.

गैरसमज : टाकीतला गंज खडी घालून हलवली की निघतो. आणि रिकामी टाकी निर्धोक.

वस्तुस्थिती : खडीनं वरवरचा गंज निघतो, पण कोपऱ्यातला तसाच राहतो आणि चार खडे टाकीत कायमचे मुक्कामाला येतात. स्वस्त आणि खात्रीचा उपाय लिंबूसत्वाचा, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा. कॉक काढून भोक बंद करावं, साबणाच्या पाण्यानं पेट्रोलचा वास जाईपर्यंत टाकी धुवावी, मग लिटरला साधारण शंभर ग्रॅम या हिशेबानं गरम पाण्यात विरघळवून काठोकाठ भरावं. रात्रभरात पाणी चहासारखं काळपट होतं आणि आत राखाडी लोखंड दिसायला लागतं. बाहेरच्या रंगावर थेंब सांडू देऊ नये. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं खळखळून घ्यावी.

खरी परीक्षा पुढे असते. ओलं, उघडं लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. म्हणून लगेच गरम हवेनं वाळवून आत थोडं तेलमिश्रित पेट्रोल फिरवायचं.

टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही नको. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत उरलेली पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण ठिणगीची वाटच बघत असतं.

गैरसमज : कार्बोरेटर तारेनं टोकरला की साफ.

वस्तुस्थिती : जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे मधासारखा चिकट थर ठेवतं. फ्लोटच्या वाटीत तो हिरवट-तपकिरी दिसतो. तोच थर पायलट जेटमध्ये बसतो. त्याचं भोक मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढं. जेट पितळेचा, म्हणजे मऊ. पोलादी तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. जेट कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर भिजवावेत, हवेनं फुंकावेत आणि उजेडासमोर धरून बघावेत. भोकातून गोल उजेड दिसला पाहिजे. रबरी ओरिंगा आधी काढून ठेवायच्या, नाहीतर त्या फुगून बसतात.

गैरसमज : निळा धूर आला, म्हणजे फुल इंजिन काढावं लागणार.

वस्तुस्थिती : निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढंच. ते कुठून येतंय हे आधी बघायचं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताना भसकन धूर सोडते आणि मग थांबते, तेव्हा बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. ते काम हाफ इंजिनात, म्हणजे वरचाच भाग उघडून होतं. चढावर, ॲक्सिलरेटर दिला असताना सतत धूर येत असेल तर रिंगांवर संशय घ्यावा. कॉम्प्रेशन मोजून बघावं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावं. आकडा वर गेला तर रिंगा किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. बोअर झिजलाच असेल तर लेथवाल्याकडे रीबोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो. म्हणजे ५० चा ५०.२५. अख्खं इंजिन बदलायची गरज नसते. आणि बदललंच, तर नव्या इंजिन नंबरची आरटीओत नोंद लागते.

गैरसमज : जाड किंवा महागडं कारचं ऑइल घातलं की इंजिन खूश.

वस्तुस्थिती : मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि क्लच तर घर्षणावरच जगतो. तो घसरायला लागतो. बाटलीवर जासो एमए लिहिलंय का ते बघा. नुसतं ऑइल बदलून आतली घाणही जात नाही. या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. क्रँकच्या टोकाला फिरणारी एक डबी गाळ बाजूला फेकून साठवते. उजवीकडचं कव्हर उघडून ती डबी आणि जाळी साफ करावी लागते. आमच्या डबीत काळ्या मेणासारखा घट्ट थर होता. नखानं खरवडला तर लाडूसारखा सुटून आला.

गैरसमज : स्क्रू ड्रायव्हर सगळे सारखेच.

वस्तुस्थिती : माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ही. जपानी घडणीच्या गाड्यांवरचे प्लसचे स्क्रू जिस मापाचे असतात. आपल्या घरातला फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि खाच गोल करून टाकतो. कव्हरचे तीन स्क्रू मी असेच खराब केले आणि ते ड्रिल करून काढावे लागले. जिस ड्रायव्हरचा एक सेट आणि हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढं आधी घेतलं असतं तर ड्रिल करण्यात गेले त्याहून कमी पैशांत भागलं असतं.

गैरसमज : टायरची नक्षी शाबूत आहे, म्हणजे टायर चांगला.

वस्तुस्थिती : न वापरता रबर जुनं होत नाही असं वाटतं, पण ते उन्हानं आणि हवेनं कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. आमच्या टायरची नक्षी सुरेख होती, पण बाजूला केसासारख्या भेगा होत्या. पावसात असा टायर साबणासारखा वागतो. टायर आणि ट्यूब या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

बॅटरीचं मात्र उलट आहे. बॅटरी मेली म्हणून घाबरून पहिल्याच दिवशी नवी आणू नका. या गाडीच्या ठिणगीला वीज मॅग्नेटोकडून मिळते. बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरसाठी लागते, ती शेवटी आणली तरी चालते.

गैरसमज : गाडी चालू झाली, म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती : चालू होणं हा अर्धा टप्पा. नऊ वर्षांनी धावणाऱ्या गाडीचे ब्रेक शू गुळगुळीत झालेले असतात, ब्रेकच्या कॅमवरचं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं, केबलच्या आत गंज असतो. ड्रम उघडला की आतली धूळ फुंकायची नाही. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसायची. कोनसेट ढिला आहे का, चेन आणि स्प्रॉकेट झिजलेत का, हे त्याच दिवशी बघून घ्यावं. रस्त्यावर आल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नटबोल्ट पुन्हा आवळावेत आणि ऑइल एकदा लवकर बदलावं.

माझी गाडी ज्या दिवशी पहिल्या किकला लागली, त्या दिवशी मी काकांना हाक मारली. वाटलं, ते कौतुकानं किक मारतील. ते जिना उतरून आले, सीटवर बसले, गाडी अंगणात दोन हात पुढे सरकवली आणि पायानं मागचा ब्रेक दाबला. मग हातानं पुढचा. गाडी जागच्या जागी थांबली. तेव्हा कुठे त्यांनी चावी फिरवली.

रंग अजून लावलेला नाही. पावसाळा उलटला की बघू.